खवट पेट्रोल

दिवाळीच्या फराळातली एखादी चकली खवट लागली, तर पाहुणा ती निमूटपणे चावतो आणि चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकतो. मोटारीला इतका शिष्टाचार ठाऊक नसतो. तिला खवट पाजले, तर ती भर घाटात, मागे पंधरा वाहने खोळंबलेली असताना, तोंड फिरवून बसते. पेट्रोल खवट होते, हे ज्ञान मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, दिवे घाटाच्या तिसऱ्या वळणावर झाले. खरे म्हणजे तेथेही झाले नाही. तेथे मला भलतेच ज्ञान झाले, आणि त्यापायी मी जे करून बसलो ते यंदाच्या अंकात सांगून टाकावे म्हणतो.

गाडी आमच्या अण्णांची. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी. आमच्या नातवाने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला तो वायपरचा खटका वाटला. अण्णा दर रविवारी सकाळी गाडी बाहेर काढीत, पर्वतीच्या पायथ्यापर्यंत नेत आणि परत आणून झाकून ठेवीत. काम असो वा नसो. समोरच्या कप्प्यात त्यांची एक लांबट वही असे. तारीख, लिटर, किलोमीटर, दिलेले पैसे. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःसाठी काही नियम लिहून ठेवले होते. त्यांतला एक असा : ‘गाडी फार दिवस उभी ठेवावयाची झाल्यास टाकी गच्च भरून ठेवावी.’ मी हा नियम वाचला की हसत असे. अण्णांनी लहानपणी लढाईच्या काळातले पेट्रोलचे रेशनिंग पाहिले होते. मला वाटे, त्या धास्तीने त्यांनी हे लिहिले असावे.

अण्णा २०१९ साली गेले. रविवारचा शिरस्ता मी वर्षभर जमेल तसा पाळला. मग मार्च २०२० उजाडला, टाळेबंदी लागली, आणि गाडी जी आच्छादनाखाली गेली ती गेलीच. दोन पावसाळे तिच्यावरून गेले. मी बँकेतून निवृत्त झालेला, मुलगा हैदराबादला, भाजी दाराशी येई. गाडीची आठवण होई ती फक्त वरच्या मजल्यावरचे गृहस्थ “काय हो, विकणार का?” असे विचारीत तेव्हा.

आता भाऊबीज. भावाने बहिणीच्या घरी जायचे, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. पण आमचे थोरले मामा सासवडला, वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही गुडघे संपावर गेलेले. म्हणून अलीकडे आईच ताम्हन घेऊन त्यांच्याकडे जाई. २०२० ची भाऊबीज रोगराईत बुडाली. २०२१ च्या दिवाळीत आईने वसुबारसेलाच जाहीर केले, “यंदा मी जाणार. तू नेणार नसशील तर एस.टी.नं जाईन.” एस.टी.चा संप तेव्हा नुकताच पेटू लागला होता, काही आगारांची कुलपे उघडत नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला स्वारगेटवर उभी करण्याचा प्रश्नच नव्हता. मी आच्छादन काढले.

शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडल्या, आणि अर्ध्या तासाच्या खोकल्यानंतर आमची पद्मिनी सुरू झाली. धूर थोडा जास्त होता. वासही जरा निराळा, रंगाचा डबा उघडल्यासारखा. आई म्हणाली, “कसला रे वास?” मी म्हटले, “जुन्या गाडीचा.” टाकीचा काटा निम्म्याच्या खाली होता. ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या सकाळी, हडपसरच्या रस्त्यावर एका पंपावर मी दहा लिटर भरले. दोनच दिवसांपूर्वी उत्पादन शुल्क पाच रुपयांनी उतरले होते, त्यामुळे रांग मोठी आणि माणसे खुशीत होती. पेट्रोल घालणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा. आईच्या मांडीवरचे ताम्हन पाहून त्याने काचही पुसून दिली.

वडकीपर्यंत गाडी कुरकुरत चालली. घाट लागला आणि तिने गचके द्यायला सुरुवात केली. पहिले वळण, दुसरे वळण, आणि तिसऱ्यावर बंद. किल्ली फिरवली की इंजिन फिरे, पण पेटत नसे. सासवडच्या बाजूचा एक पिकअप टेंपो मागे अडकला होता. मार्केट यार्डात सीताफळे उतरवून रिकाम्या क्रेट घेऊन परत निघालेला. त्याच्या चालकाने एक शब्द न विचारता आईला पुढे बसवून घेतले. ताम्हन मांडीवर, निरांजन पिशवीत, अशी आमची आई सीताफळांच्या टेंपोतून भावाला ओवाळायला गेली. दुपारी तिचा फोन आला, ओवाळून झाले म्हणून. मामा पुढच्या गणपतीआधीच गेले. तो टेंपो मागे नसता, तर ती भाऊबीज चुकली असती, आणि पुढे दुसरी नव्हती.

पण त्या क्षणी माझ्या डोक्यात आई नव्हती. माझ्या डोक्यात एकच शब्द होता : भेसळ!

यात माझ्या पिढीचा फारसा दोष नाही. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, अशी अनेक दशके आम्ही काढली. ते रॉकेल निळ्या रंगाने रंगवीत ते एवढ्यासाठीच, की दुसऱ्या इंधनात मिसळले तर ओळखू यावे. तरी मिसळणारे मिसळीत. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाची भेसळ पकडायला गेल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. त्या बातमीचे वर्तमानपत्र अण्णांनी कित्येक दिवस टेबलावरून हलवू दिले नव्हते. पुढे रॉकेलावरचे अनुदान कमी होत होत २०२० च्या सुमारास संपले आणि त्या धंद्यातला मोठा नफाच आटला. पण संशयाला हे कोण कळवणार? सकाळी पेट्रोल भरले, तासाभरात गाडी बंद पडली, तेव्हा दोष पेट्रोलचा आणि पेट्रोल पंपाचे. बँकेत पस्तीस वर्षे हिशेब तपासलेल्या माणसाने हा हिशेब मांडला, हे लिहिताना आज लाज वाटते.

पुरावा हवा म्हणून मी डिकीतली रबरी नळी काढली, टाकीत अगदी तळापर्यंत सोडली आणि दुसरे टोक तोंडात धरून ओढले. हा प्रकार कोणी करू नये. माझ्या तोंडात एक घोट आलाच. मी तो थुंकलो, चार वेळा चुळा भरल्या, आणि दोन दिवस मला श्रीखंडाला पेट्रोलची चव लागत होती. आमच्या इमारतीतल्या डॉक्टरांनी नंतर माझी खरडपट्टी काढली. पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा श्वासाबरोबर फुप्फुसात जाणे अधिक घातक. म्हणून कोणी चुकून प्यायलेच, तर त्याला उलटी करायला लावायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. असो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मी अर्धा लिटर काढले, एका टेंपोला दोर बांधून गाडी ओढत परत निघालो, आणि वाटेत त्याच पंपावर उतरलो.

पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क असतो, आणि तो त्यांना फुकट द्यावा लागतो. हे मला ठाऊक होते आणि ते मी आवाज चढवून सर्वांना सांगितले. चाचणी अगदी सोपी असते. कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते आणि मागे तेलकट डाग ठेवीत नाही. मी माझ्या बाटलीतला थेंब टाकला. दोन मिनिटे झाली, पाच झाली. कागदावर तपकिरी, चिकट कडे उमटले, चहाच्या कपाने टेबलावर उमटावे तसे. भोवती पंधरा-वीस माणसे जमली होती. “बघा! बघा हे!” मी तो कागद वर धरून सर्वांना दाखवला.

तो पोरगा पुढे आला. म्हणाला, “सायेब, नळीतला थेंब घ्या की. ह्यो तर तुमच्या टाकीतला हाय.”

“तू मला शिकवू नकोस,” मी म्हणालो.

गर्दीतून दोघा-तिघांनी मोबाइल काढले. पंपाचे मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांना सणासुदीला तमाशा नको होता. त्यांनी मला दहा लिटरचे पैसे परत दिले आणि पोराला गळ्यातली पैशांची पिशवी व टोपी काढून ठेवायला सांगितली. “उद्यापासून येऊ नकोस.” पोराने टोपी काढली, नीट घडी करून टेबलावर ठेवली. मी पैसे मोजून घेतले. होय, मोजून.

घरी मोठ्या अभिमानाने बाटली आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. सौ.ने दारात पणत्या लावायला घेतल्या होत्या. तिने बाटलीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिले, आणि हातातली काडी न ओढता बाजूला ठेवली. “ही बाटली या घरात राहील किंवा मी राहीन.” बाटली गच्चीत, पाण्याच्या टाकीमागे गेली. प्लास्टिकच्या बाटलीतून पेट्रोल आणणेच मुळात चूक. दिवाळीत आणणे म्हणजे मूर्खपणाचा कळस.

सोमवारी आमचे मिस्त्री सुट्टीवरून परतले. ते अण्णांच्या वेळचे. गाडीशी बोलतात, मालकाशी कमी बोलतात. मी त्यांना भेसळीची सगळी कथा रंगवून सांगितली आणि बाटली दिली. त्यांनी ती उन्हाकडे धरली. दोन दिवस निवांत बसल्यामुळे आत सरळ दोन थर झाले होते. वर लालसर-तपकिरी, खाली दोन बोटे गढूळ पाण्यासारखे, आणि त्याच्याही तळाशी गंजाची माती.

“पेट्रोल कधी भरलं होतं, साहेब?”

“परवा. भाऊबीजेला.”

“त्याच्या आधी?”

मला आठवेना. त्यांनीच कप्पा उघडून अण्णांची वही काढली. शेवटची नोंद माझ्या हातची होती : १५ मार्च २०२०. सुमारे वीस महिने. मिस्त्रींनी वही मिटली आणि हसले. “खवटलं की हे, तुपासारखं.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी येथे माझ्या शब्दांत देतो. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. हलक्या-जड अनेक द्रव्यांचे ते मिश्रण आहे. गाडी उभी राहिली की त्यांतली हलकी द्रव्ये उडून जातात, आणि थंड इंजिन पेटवायला नेमकी तीच लागतात. उरलेल्याला हवा लागते. तूप हवेने जसे खवट होते तशीच ही क्रिया. तिच्यातून डिंकासारखा चिकटा तयार होतो आणि कार्बोरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत जाऊन बसतो. फिल्टर पेपरवरचे माझे तपकिरी कडे म्हणजे हाच डिंक. तो पंपाचा नव्हता, माझ्या आळसाचा होता. त्यांच्या अनुभवाने टाकीतले पेट्रोल तीन-चार महिने चांगले राहते. सहा महिन्यांनंतर भरवसा नाही.

आणि पाणी? येथे अण्णांचा नियम मला कळला. टाकी रिकामी असेल तितकी तिच्यात हवा जास्त. त्या हवेतला दमटपणा थंड पत्र्यावर घाम धरतो आणि ओघळून तळाला जातो. भरलेल्या टाकीत घाम धरायला जागाच नसते. शिवाय आमच्या झाकणाचे रबर वाळून गेलेले, त्यातून दोन पावसाळे. त्यात आजच्या पेट्रोलात साखर कारखान्यांचा वाटा असतो. उसापासून केलेले इथेनॉल तेव्हा दहा टक्क्यांपर्यंत मिसळीत, आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ते वीस टक्क्यांवर गेले. हे मद्यार्क आहे, पाण्याशी त्याची जुनी दोस्ती. थोडे पाणी असले तर ते पोटात घेते आणि काही कळू देत नाही. पण पाणी प्रमाणाबाहेर गेले, की दोघे मिळून पेट्रोलची संगत सोडतात आणि तळाशी जाऊन बसतात. सपाट रस्त्यावर आमच्या टाकीतला हा थर शोषनळीच्या तोंडाखाली राहिला. घाटाचा चढ लागला, थर कलला, आणि इंजिनाच्या तोंडी पाणी गेले. हडपसरचे ताजे दहा लिटर बिचारे वरच्या वर तरंगत राहिले.

“ताजं भरून जुनं पातळ करता येत नाही का?” मी विचारले. नुसते थोडे शिळे असेल तर येते, म्हणाले. पाणी शिरले असेल तर चांगलेही वाया जाते. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी टाकीत डांबराच्या गोळ्या टाकण्याचा उपाय सुचवला होता. तो ऐकून मिस्त्रींनी कानाला हात लावले. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे किल्ली पुन्हापुन्हा फिरवायची नाही, कारण प्रत्येक फेरीला घाण पुढे सरकते. मी घाटात चाळीस वेळा फिरवली होती. त्यांनी टाकीच खाली उतरवली, धुऊन वाळवली, आतला गंज काढला, नळ्यांतून हवा फुंकली, कार्बोरेटर उघडून छिद्रे मोकळी केली, फिल्टर बदलला. रबराच्या जुन्या नळ्याही टाकून दिल्या. इथेनॉल त्या रबराला मानवत नाही, ती फुगते किंवा चिरते आणि मग पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकते. काढलेले वीसेक लिटर समोरच्या गटारात ओतावे, असे मी सहज बोलून गेलो. ते इतके संतापले की त्या दिवशीचे सर्वांत लांब वाक्य बोलले : “दिवाळीत, साहेब, गटारात पेट्रोल, आणि वरून कुणी पोरानं फटाका टाकला म्हणजे?” ते टाकाऊ तेलाच्या पिंपात गेले, नेणारा येईतो.

बिल साडेसहा हजार झाले. त्याचे मला काही वाटले नाही. मला दिसत होती ती टेबलावर घडी करून ठेवलेली टोपी.

घरी आईला सांगितले. ती मामांकडून सीताफळांची टोपली घेऊन कालच परतली होती. तिने एवढेच म्हटले, “ह्यांनी लिहून ठेवलं होतं ना वहीत?” थोड्या वेळाने फराळाचा एक डबा भरून माझ्यासमोर ठेवला. कोणासाठी, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मंगळवारी पंपावर गेलो. दहा लिटरचे पैसे मालकांच्या टेबलावर ठेवले आणि सगळे सांगितले. मला वाटले ते रागावतील. त्यांनी शांतपणे मला बाहेर नेले आणि, शिक्षा म्हणूनच म्हणा, सर्व चाचण्या माझ्या हातून करून घेतल्या. पंपाच्या नळीचे तोंड पुसून तिथला थेंब कागदावर टाकला. उडून गेला, कागद कोरा. काचेच्या उभ्या पात्रात पेट्रोल घेऊन त्यात घनतामापक आणि तापमापक सोडला, तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढली आणि सकाळच्या नोंदीशी ताडून पाहिली. दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक आला तर शंका घ्यायची. फरक एकाचाही नव्हता. पाच लिटरच्या प्रमाणित मापात भरून माप दाखवले. हे सारे कोणाही ग्राहकाला मागता येते. मी भाऊबीजेला मागितले असते, तर दहा मिनिटांत घरी गेलो असतो.

“तुम्ही तरी त्याला का काढलंत?” मी विचारले.

“तुम्ही ओरडत होता, काका,” ते म्हणाले.

पोराचा फोन लागेना. दुसऱ्या मुलाने खोलीचा पत्ता दिला, मांजरीत. तो परभणीकडचा निघाला. पिशवी भरून दाराशी बसला होता. गावी जायला सकाळीच निघाला होता, पण आता एस.टी. सगळीकडेच बंद झालेली, आणि खासगी गाडीवाल्यांनी मागितलेले पैसे त्याच्याकडे नव्हते. संप नसता तर तो मला सापडला नसता. मी उभ्या उभ्याच सांगितले, चूक माझी होती, टाकी माझी होती. त्याने डबा घेतला नाही. खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “पण तुम्ही सगळ्यांम्होरं बोलला होता.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी त्याला गाडीत बसवून पंपावर नेले, आणि संध्याकाळच्या रांगेत, टोपी त्याच्या डोक्यावर चढली तेव्हा, पुन्हा तितक्याच मोठ्या आवाजात सांगितले. भाऊबीजेची गर्दी अर्थात तिथे नव्हती. जी होती तिला काही कळले नाही. दोघांनी मागून हॉर्न वाजवला. मोबाइल कोणीच काढला नाही. पण पंपावरच्या इतर मुलांनी ऐकले आणि मालकांनी ऐकले. डबा त्याने मग घेतला.

आता दर रविवारी गाडी निघते. पर्वतीपर्यंत नव्हे, हडपसरपर्यंत. तो पोरगा आज त्या पंपावरचा मुकादम आहे. मला लांबून पाहिले की तो नळीचे तोंड पुसतो, बॉनेटवर फिल्टर पेपर ठेवतो आणि एक थेंब टाकतो. मी नको नको म्हणतो. तो ऐकत नाही. मागची रांग हॉर्न वाजवीत असते, आणि आम्ही दोघे दोन मिनिटे त्या कागदाकडे पाहत उभे असतो.